१६१३ चा टर्बो : तीन महिन्यांत दुसरा

सोमवार, १९ नोव्हेंबर २०१८

सकाळी शटर वर करायच्या आधीच गाडी दारात उभी. टाटा १६१३, २००४ चं मॉडेल, कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं इंजिन. भिवंडीकडच्या क्रशरवरून मुंबईतल्या बांधकामांवर खडी टाकते. ड्रायव्हर मामांनी माजिवड्यापासून मुलुंडपर्यंत ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच आणली.

"मिस्त्री, गाडी वडतच न्हाई. रिकामी हाय तरी चढाला दम टाकतीया."

मामांना बसवून चहा दिला आणि सगळं विचारून वहीत घेतलं. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. त्याच्या कामात निम्मं निदान ड्रायव्हरच्या तोंडून मिळतं. टर्बोची शिट्टी आठ दिवसांपूर्वीच बसकी झाली होती. कालपासून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज. सकाळी गाडी चालू केली की निळा धूर भरपूर, दुपारी गाडी तापली की धूर कमी होतो, पण आवाज मात्र दुपारीच येतो. दोन दिवसांत तीन लिटर ऑइल टाकलं. 'सकाळी धूर, दुपारी आवाज' याच्याखाली रेघ ओढून ठेवली. तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता.

खरी चिंतेची गोष्ट वेगळी आहे. हा टर्बो नवीन आहे. गणपतीच्या आधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बसवलेला, म्हणजे अजून तीन महिनेही झाले नाहीत.

नऊच्या सुमारास मालकांचा फोन. "मिस्त्री, नवीन टाका आणि गाडी सोडा. साइटवर खडी खोळंबलीय." मी म्हटलं, शेठ, आज नवीन टाकला तर फेब्रुवारीत तिसरा टाकावा लागेल. चार दिवस द्या. ते तीनवर अडले. मी चारच सांगितले. टर्बो आपणहून क्वचित मरतो. त्याला काहीतरी मारतं, आणि ते जे काही आहे ते गाडीत तसंच ठेवून वर नवा टर्बो लावणं म्हणजे मालकाचे पैसे गटारात टाकणं.

हाताखालच्या पोराला पहिली ताकीद : इंजिन पुन्हा चालू करायचं नाही, "बघू आवाज कसा येतो" म्हणूनसुद्धा नाही. टर्बोच्या सीलमधून ऑइल इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या वाटेत, जात असेल तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर चालायला लागतं. मग स्टॉपर ओढून डिझेल बंद केलं तरी रेस चढतच जाते. तेव्हा हवेचं तोंड दाबून बंद करणं एवढाच उपाय उरतो, आणि तो सुचेपर्यंत कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आलेला असतो.

संध्याकाळपर्यंत टर्बो उतरवला. एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याच्या) चार स्टडपैकी दोन गंजून एकजीव झाले होते. गॅसने तापवून, मेण लावून, परत तापवून काढले. एक तुटला, त्याला ड्रिल करावं लागलं. दीड तास त्यातच गेला.

टर्बो बाकावर घेतला. कॉम्प्रेसरच्या बाजूने शाफ्ट बोटांत धरून हलवला तर पंखा सरळ घराला टेकला. डायल गेज लावला : पुढे-मागे प्ले, म्हणजे ढिलेपणा, ०.६ मिलिमीटर. पंख्याच्या कडा घासून चकचकीत झालेल्या, आणि घराच्या आतल्या भिंतीवर नखाने जाणवेल असा गोल चरा. सायलेन्सरच्या बाजूला ओलं काळं ऑइल.

मंगळवार, २० नोव्हेंबर

पंखा घासला म्हणजे ॲल्युमिनियमचा भुसा कुठेतरी गेला असणार, आणि कॉम्प्रेसरच्या पुढे वाट एकच आहे, इंजिनात. म्हणून आज आधी इनटेक मॅनिफोल्डचं वरचं झाकण काढलं. ऑइलने माखलेल्या तळाशी चांदीसारखा बारीक कीस दिसला. पोरगा लोहचुंबक घेऊन आला. त्याला समजावलं, ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. ग्रीस लावलेल्या चिंध्यांनी कोपरान् कोपरा टिपला, मग व्हॅक्यूम लावला, मग पुन्हा चिंधी. शेवटची चिंधी उन्हात धरली तेव्हा तिच्यावर एकही कण चमकला नाही. मगच झाकण बसवलं. तुकडे मोठे असते तर हेडच उतरवावं लागलं असतं. इथे नुसता भुसा होता, तेवढं गाडीचं नशीब.

दुपारी मामा बसल्या बसल्या म्हणाले, "आदीचा टरबो बगायचा का? भंगारात घालायला ठेवलाय, सीटमागं हाय."

या कामातली सगळ्यात उपयोगी वस्तू ती गोणपाटात निघाली. पहिला टर्बो. त्याच्या कॉम्प्रेसर पंख्याची पाती पाहिली आणि वेगळीच गोष्ट समोर आली. पाती घराला घासली नव्हती, कुठे ठोकरही नव्हती. पण पुढच्या कडा झिजून पातळ झाल्या होत्या, दगडावर वर्षानुवर्षं घासलेल्या विळ्याची धार होते तशा. ही धुळीची झीज. पूर्ण लोडवर हा पंखा मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो. त्या वेगात खडीची धूळ त्याच्यावर वाळूचा फवारा मारल्यासारखी बसते.

म्हणजे पहिला टर्बो धुळीने गेला. मग धूळ आली कुठून? एअर क्लीनर उघडला. फिल्टर बरा होता, ऑगस्टमध्ये बदललेला, त्याच्या मागे घरातही धूळ नव्हती. राहिली ती क्लीनरपासून टर्बोपर्यंतची रबरी नळी. वरून धडधाकट. काढून शटर अर्धं ओढलं, आत टॉर्च घातला आणि बाहेरून फिरवून पाहिली. खालच्या बाजूला क्लिपच्या अगदी कडेला प्रकाशाची एक बारीक रेघ दिसली. वळणावर रबर तडकलं होतं, आणि कुणीतरी त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वरून काळा टेप मारला होता. उभी गाडी तपासली तर ही फट मिटलेली असते. इंजिन हवा ओढायला लागलं की ती उघडते.

दुसऱ्या टर्बोच्या पात्यांवरही तीच झीज सुरू झाली होती, नुकती. म्हणजे गणपतीआधी टर्बो बदलला, नळी तीच ठेवली.

पण दुसरा टर्बो धुळीने एवढ्या लवकर मेलेला नाही. त्याचा शाफ्ट आणि बेअरिंगच वेगळं सांगताहेत.

बुधवार, २१ नोव्हेंबर

सकाळी टर्बो पूर्ण खोलला. शाफ्टवर बेअरिंगच्या जागी निळसर-जांभळा डाग, म्हणजे तिथे स्टील तापून रंग बदललेला. शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग एका बाजूने खाल्लेलं, त्याचे तांबूस कण तळाशी. गाडीचा ऑइल फिल्टर करवतीने कापून कागद पसरला, तर घड्यांत तेच तांबूस कण. ऑइल न मिळता फिरलेल्या टर्बोची ही खूण आहे. शाफ्ट बेअरिंगला टेकून फिरतच नाही, मधल्या ऑइलच्या थरावर तरंगतो. तो थर काही सेकंद जरी तुटला तरी धातू धातूला लागतो.

मग ऑइल कुठे अडलं? मीटरवर तर प्रेशर चांगलं होतं, मामा शपथेवर सांगतात. त्यांचं खरं आहे. या इंजिनाला गरम असताना आयडलला ०.७ किलो आणि पुऱ्या रेसला २ किलोच्या खाली प्रेशर येऊ नये. मामांनी सांगितलेले आकडे त्याच्या बरेच वर आहेत. पण मीटर ब्लॉकमधल्या मुख्य गॅलरीचं प्रेशर दाखवतो. फिल्टरच्या हेडपासून टर्बोपर्यंत जाणाऱ्या होजमध्ये काय चाललंय ते त्याला कळायला मार्ग नाही.

तो होज मी सोमवारीच तपासला होता, आणि इथे माझी चूक झाली. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा मारली, फर्रकन आरपार गेली, म्हणून बाजूला ठेवला. दिसायलाही नवा कोरा, वर स्टीलची जाळी. पण काल रात्री झोप लागेना. 'दुपारी आवाज' डोक्यात घुमत होतं. गाडी गार असताना ऑइल मिळतं आणि तापल्यावर मिळत नाही, असं काय असू शकतं?

आज तो होज पुसून तोंडाने फुंकला. एका टोकाने हवा गेली. उलटा करून दुसऱ्या टोकाने फुंकला, गाल फुगले, हवा नाही. परत पहिल्या टोकाने, गेली. पोराला दिला, त्याचंही तेच. होज वाल्वसारखा वागत होता.

नुसत्या अंदाजावर जायचं नव्हतं म्हणून तो परत गाडीवर चढवला आणि टर्बोकडचं टोक बाटलीत सोडलं. हवेच्या तोंडावर जाळी, पोराच्या हातात तोंड दाबायला फळी, रिटर्नचं, म्हणजे टर्बोतून ऑइल परत यायचं, भोक बुचाने बंद. टर्बोशिवाय इंजिन अर्धा मिनिट आयडलवर चालवलं. आवाजाने अख्खी गल्ली गोळा झाली. गार ऑइलने बाटली बऱ्यापैकी भरली. मग होजवर उकळतं पाणी ओतून तो चांगला तापवला आणि पुन्हा अर्धा मिनिट चालवलं. या वेळी ऑइल थेंबाथेंबाने आलं, कटिंग चहाचा ग्लाससुद्धा भरला नाही. मीटरचा काटा दोन्ही वेळेला सारखाच.

मग करवत घेऊन तो उभा चिरला. आतलं रबर भाजून कडक झालं होतं आणि एका जागी अस्तरापासून सुटून जिभेसारखं लोंबत होतं. गार असताना ती जीभ भिंतीला चिकटून राहायची, तापली की मऊ होऊन प्रवाहात आडवी यायची. हा साधा हायड्रॉलिक होज आहे, लोकल दाबून बनवलेला. आतलं रबर साधारण १०० अंशांपर्यंतचं, आणि तो बांधला होता एग्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकून, जिथे लोडवर कित्येकशे अंश तापमान असतं. मूळ होज गळत होता म्हणून टर्बोबरोबर हा लावला, असं मामा म्हणाले. टर्बो अस्सल घेतला आणि त्याचा जीव ज्या नळीवर, ती पाचशे रुपयांत आणली. हे मला फार लागलं. ज्याने लावला त्याच्या मनात वाईट नसेल, पण मामांची रोजी या होजने खाल्ली. गाडी उभी तर त्यांचा भत्ता बंद.

आता उरला सकाळचा धूर. रिटर्न पाइपचा फ्लँज काढला. पॅकिंगच्या जागी नुसतं सिलिकॉन, तेही भरभरून. दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जास्तीचं सिलिकॉन आत सरकतं. बोट घातलं तर लाल रबरी अळीसारखा गोळा निघाला, त्याने अर्ध्याहून जास्त वाट अडवली होती. टर्बोत ऑइल प्रेशरने येतं, पण परत चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) जातं ते केवळ उतारावर, आपल्या वजनाने. उतार अडला की ऑइल मधल्या घरात साचतं आणि सीलमधून दोन्ही बाजूंना निघतं.

आता वहीतली रेघ जुळली. सकाळी होज उघडा, ऑइल येतंय, परतीची वाट अरुंद, म्हणून धूर. दुपारी होज मिटला, साचायला ऑइलच नाही, म्हणून धूर कमी आणि बेअरिंग कोरडं, म्हणून आवाज. मामांना हे सांगितलं तेव्हा ते तो चिरलेला होज हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

संध्याकाळी बॅक कॉम्प्रेशनही बघून घेतलं. इंजिनात वायू जास्त दाबाने खाली उतरत असेल तरी रिटर्न अडतो, मग बाकी सगळं करून उपयोग नाही. टर्बो नसताना परत थोडा वेळ चालवून ऑइल भरायच्या तोंडावर झाकण उलटं ठेवलं. थरथरलं, उडालं नाही. चौदा वर्षांच्या इंजिनाला एवढं चालतं. टर्बो चढल्यावर रेसला पुन्हा बघणार.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

स्लो लोकलने मस्जिद बंदर, तिथून नागदेवी स्ट्रीट. होजच्या दुकानदाराला जुना तुकडा दाखवला. टेफ्लॉनच्या अस्तराचा, वर स्टील जाळीचा होज मागितला, तो २६० अंशांपर्यंत टिकतो. लांबी मुद्दाम चार इंच जास्त घेतली, म्हणजे मॅनिफोल्डपासून लांबून फिरवता येईल. दुकानदार म्हणाला रबराचा निम्म्यात होईल. नको म्हटलं.

टर्बोसाठी मालकांशी पुन्हा बोलणं झालं. त्यांना कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुना चालला असता. जुना टर्बो मी नाही लावत. आतून त्याचं काय झालंय ते बाहेरून कळत नाही, आणि हमी कुणीच देत नाही. शेवटी मधला मार्ग निघाला. घरं दोन्ही टर्बोंची तपासली. पहिल्या टर्बोचं कॉम्प्रेसरचं घर सुस्थितीत, तेच मॉडेल. म्हणून नवीन कोअर असेंब्ली, म्हणजे शाफ्ट, दोन्ही पंखे, बेअरिंगचं मधलं घर, सगळं कंपनीतून बॅलन्स होऊन आलेलं, आणि बाहेरची घरं जुनी. पूर्ण टर्बोच्या जवळपास निम्म्या पैशात झालं. नुसतं किट आणून बेअरिंग बदलायचा विचारही केला नाही. शाफ्ट निळा पडलाय आणि बॅलन्सिंग मशिन आपल्याकडे नाही.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर

चढवायचा दिवस. ऑइल आणि फिल्टर नवीन. हवेची नळी नवीन, दोन्ही टोकांना नव्या क्लिपा. रिटर्नला तयार पॅकिंग, सिलिकॉनचा थेंबही नाही, पोराला डबी हातात घेऊ दिली नाही. नवीन कोअरचा प्ले मोजला : ०.१२ मिलिमीटर. वहीत तारखेसकट लिहिला, पुढे ताडून बघायला.

टॅपेटही, म्हणजे वाल्ववरची फट, हाताबरोबर बघितले, इंजिन गार असताना इनटेक ०.२५, एग्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर. दोन सैल होते.

होज जोडायच्या आधी टर्बोच्या वरच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतलं आणि पंखा हाताने फिरवला. परत ओतलं, परत फिरवला. मग होज जोडला, रिटर्न खालून मोकळा ठेवला, स्टॉपर ओढून धरला आणि नुसता सेल्फ मारला. दहा सेकंद मारायचा, थांबायचं, पुन्हा मारायचा. चौथ्यांदा रिटर्नमधून ऑइलची धार आली. ती दिसल्यावरच रिटर्न पाइप जोडला आणि इंजिन चालू केलं. पाच मिनिटं आयडल, रेस अजिबात नाही. पहिल्या मिनिटात कोरडा फिरलेला नवा टर्बो दुकानातून आणतानाच मेलेला असतो.

मग धूर. पांढरा-निळा, दाट, समोरच्या पानवाल्याने दुकान झाकलं. मामांचा चेहरा पडला. "मिस्त्री, ह्यो बी ग्येला काय?" नाही मामा. जुन्या टर्बोने ओकलेलं ऑइल सायलेन्सरच्या पोटात साचलंय, ते आता तापून जळतंय. इथे घाबरून कितीतरी मिस्त्री चांगला टर्बो परत खोलतात. तासाभराने धूर विरळ झाला. बॅक कॉम्प्रेशन रेसला पुन्हा बघितलं, ठीक.

शनिवार, २४ नोव्हेंबर

खडी भरून ट्रायल. इनटेक मॅनिफोल्डच्या बुचाच्या जागी प्रेशर गेज बसवून नळी केबिनमध्ये आणली. मामा चालवत होते, मी गेज धरून बाजूला. घोडबंदर रोडला गायमुखचा चढ लागला, पुढे कंटेनर रांगत होता, मामांनी तिसरा टाकून पाय दिला. काटा ०.८ किलोवर गेला आणि तिथेच राहिला. शिट्टी स्वच्छ, एकसारखी. मागे आरशात हलका राखाडी धूर, काळा नाही.

"आता वडतीया," मामा म्हणाले. एवढंच.

वरती गाडी बाजूला घ्यायला लावली आणि लगेच स्टॉपरकडे गेलेला त्यांचा हात धरला. चढून आल्यावर टर्बोचा एग्झॉस्ट पंखा लालबुंद तापलेला असतो. त्या क्षणी इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं, आतलं ऑइल तिथेच जळून कोळसा होतं, आणि शाफ्ट अजून फिरतच असतो. दोन-तीन मिनिटं आयडल ठेवा. मामा म्हणाले, डिझेल जळतं म्हणून शेठ ओरडतात. त्यांच्यासमोरच शेठना फोन लावला आणि दोन-तीन मिनिटं आयडल ठेवायला हवं हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. ड्रायव्हरला नुसतं सांगून भागत नाही, वरून परवानगी लागते.

परत येताना बंद जकात नाक्यापाशी थांबून होज, रिटर्न, क्लिपा हाताने चाचपल्या. कोरड्या. १ जुलै २०१७ ला जकात गेली आणि इथल्या गाड्यांच्या रांगा संपल्या. त्या रांगेत उभ्या गाड्यांखाली झोपूनच मी हे काम शिकलो.

संध्याकाळी गाडी सोडली.

सोमवार, १० डिसेंबर

गाडी तपासायला बोलावली होती, आली. सुमारे १,८०० किलोमीटर झाले. मॅनिफोल्डचे नट गरम-गार होऊन किंचित सैल झाले होते, आवळले. होज मॅनिफोल्डपासून लांबच, क्लॅम्प जागेवर. हवेच्या नळीत टॉर्च घालून पाहिला, अंधार.

शनिवार, २९ डिसेंबर

मामा दारात आले, गाडी लावली, पण इंजिन चालूच ठेवलं. उतरून बाटलीत पाणी भरून घेतलं, पोराशी बोलले, परत चढले आणि मग स्टॉपर ओढला. अडीच मिनिटं झाली होती.

प्ले ०.१२, तेवढाच. ऑइल वरून टाकावं लागलं नाही. कॉम्प्रेसर पंख्याच्या कडा बोटाने तपासल्या, धारदार आणि स्वच्छ. मालकाच्या दुसऱ्या १६१३ ला पण तसलाच रबरी होज आहे, असं मामा म्हणाले. ती सोमवारी येतेय.